दुकानातल्या लिनक्सवर फायरफॉक्स अपडेट कसा करायचा?

व्हिडिओ बघून झाला असेल, तर आता हे शेजारी उघडं ठेवा आणि एकेक स्टेप करत चला.

आधी माझीच चूक सांगतो. दुकानात लिनक्स मिंट टाकला, पैसे वाचले, आणि मग वर्षभर अपडेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 20 तारखेला संध्याकाळी जीएसटीआर-3बी भरायला बसलो, तर बँकेची साइट म्हणे ब्राउझर जुना आहे! रिटर्न लेट झालं की दिवसाला 50 रुपये लेट फी. तेव्हा डोळे उघडले.

1. व्हर्जन बघा. तीन आडव्या रेघा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. मिंटमध्ये इथे अपडेटचं बटण मिळत नाही, कारण अपडेट सिस्टिमकडून येतो.

2. अपडेट मॅनेजर उघडा. खाली उजवीकडे ढालीचं चिन्ह आहे. रिफ्रेश करा, इन्स्टॉल अपडेट्स दाबा, पासवर्ड द्या. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतो. तिथे अपडेट आपोआप होतो, पण ब्राउझर दिवसरात्र उघडा ठेवलात तर अडकून राहतो.

3. ॲड-ऑन तपासा. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबा. गिअरच्या चिन्हावर 'चेक फॉर अपडेट्स' आहे. जे वापरत नाही ते काढून टाका. जुने जावा प्लगिन शोधत बसू नका. 2017 मध्ये फायरफॉक्स 52 ने ते बंद केले. फ्लॅशही 2021 पासून गेला.

4. मिंटच जुना असेल तर? एका मिंटला साधारण पाच वर्षं अपडेट मिळतात. मुदत संपली असेल तर मोझिलाच्या साइटवरून फाइल घ्या, होम फोल्डरमध्ये उघडा आणि आतला फायरफॉक्स चालवा. बुकमार्क दिसले नाहीत तर घाबरू नका. नवीन प्रत स्वतःचं वेगळं प्रोफाइल बनवते, जुनं जागेवरच असतं. पण हा तात्पुरता उपाय आहे, मिंट नवीन टाकाच.

आणि एक लक्षात ठेवा: कुठल्याही साइटवर 'ब्राउझर जुना, इथे क्लिक करा' असा पॉप-अप आला, तर तिथून काहीही डाउनलोड करू नका. याच ब्राउझरमधून तुम्ही बँकेत जाता!

महिन्याच्या 1 तारखेला दहा मिनिटं काढा. 20 तारखेची वाट बघू नका. कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा.