सामना हलला, प्रेक्षक अडकले

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू. २०१७ साली सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा आपल्या देशात झाली. २४ देशांचे संघ आले. सामने सहा शहरांत वाटले होते: दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि नवी मुंबई.

एकाच शहरी का नाही? अहो, आपण खळ्यात बैल फिरवतो, तिथे गवताची काडी तरी उरते का? मैदानाचेही तसेच. बुटांनी हिरवळ उखडते. ती सावरायला दिवस लागतात.

आम्हां पुसदकरांना त्यात जवळची नवी मुंबई. तेव्हा पुसदला आगगाडी नव्हती. एसटीने नांदेड गाठायचे, मग मुंबईची गाडी धरायची. शेवटचा सामना मात्र कोलकात्याला होता. त्यासाठी मुंबईला कशाला जायचे? मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी अकोला, बडनेरा, वर्धा करीतच जाते. तिथेच बसावे.

खरी पंचाईत गुवाहाटीला झाली. २१ ऑक्टोबरच्या सामन्यात पावसाने मैदानाची दैना झाली. २५ तारखेला तिथेच ब्राझील आणि इंग्लंड खेळायचे होते. दोनच दिवस आधी तो सामना कोलकात्याला हलवला. आगगाडीने हा पल्ला सुमारे १००० किलोमीटरचा! सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत द्यायचे ठरले. पण लांबून गुवाहाटीला निघालेल्यांचे गाडीभाडे कोण देणार?

इकडे कोलकात्याला साठ हजारांवर माणसे जमली. इंग्लंडने ३-१ असा सामना जिंकला.