ठाण्यातले ‘साहेब’ नेमके कोण?

खाकी कपडे दिसले की आपण सगळ्यांनाच ‘साहेब’ म्हणतो. दारावर पहाऱ्याला उभा असलेला शिपाई साहेब, टेबलामागे लिहीत बसलेले हवालदार साहेब आणि आतल्या खोलीतले, तेही साहेबच. म्हणायला हरकत नाही. पण कोणत्या साहेबांच्या हातात काय आहे हे माहीत नसलं की हेलपाटे पडतात. आमच्या गटातल्या एका ताईंना तीन पडले.

नवरा दारू पिऊन मारायचा, माहेरून पैसे आण म्हणून सासू छळायची. ताई पहिल्यांदा पोलीस ठाण्यात गेल्या, तेव्हा दारातच उत्तर मिळालं, ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.’ ताई परत आल्या. खरं म्हणजे त्या दिवशी मोठ्या साहेबांची गरजच नव्हती. ठाण्यात रात्रंदिवस एक ठाणे अंमलदार कामावर असतो. बहुतेक वेळा तो हवालदार किंवा सहायक फौजदार असतो. आलेल्या माणसाची तक्रार ऐकायची, ती नोंदवून घ्यायची, हे त्याचं काम. म्हणून आत गेलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘ठाणे अंमलदार कोण आहेत?’

आता जरा गावापासून वर चढू या. गावात पोलीस पाटील असतात. त्यांना प्रांत नेमतात. आता कितीतरी गावांत बायकाही पोलीस पाटील आहेत. गावातल्या गुन्ह्याची, भांडणाची खबर ठाण्याला देणं हे त्यांचं काम. पण गुन्हा दाखल करणं त्यांच्या हातात नाही. ‘पाटलांच्या कानावर घातलंय’ म्हणजे तक्रार झाली, असं धरून बसू नका.

ठाण्यात सगळ्यांत खाली पोलीस शिपाई. पहारा, बंदोबस्त, समन्स पोचवणं ही कामं त्यांच्याकडे. त्यांच्या वर पूर्वी पोलीस नाईक असायचे, ते पद राज्याने २०२२ मध्ये बंद केलं. मग हवालदार, बाहीवर तीन फिती. चार-सहा गावांचं मिळून एक बीट असतं आणि ते बहुधा हवालदार सांभाळतात. तुमच्या बीट हवालदारांचा नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. अडीनडीला ११२ आहेच, पण ओळखीचा माणूस तो ओळखीचा.

त्यांच्या वर सहायक उपनिरीक्षक, खांद्यावर एक तारा. मग उपनिरीक्षक, दोन तारे. यांनाच आपण फौजदार म्हणतो. मोठ्या गुन्ह्यांचा तपास बहुधा फौजदार किंवा त्यांच्या वरचे अधिकारी करतात. पुढे सहायक पोलीस निरीक्षक आणि पोलीस निरीक्षक. दोघांच्याही खांद्यावर तीन-तीन तारे, त्यामुळे मोजून उपयोग नाही, टेबलावरची पाटी वाचा. ठाण्याचे प्रमुख म्हणजे प्रभारी अधिकारी. ते बहुधा निरीक्षक असतात, लहान ठाण्यात सहायक निरीक्षकही असतात. गुन्हा नोंदवला गेला की नाही, याची कायद्याने जबाबदारी त्यांची.

ताई दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कागद आला. आम्हाला वाटलं झालं काम! आम्ही गटाच्या बैठकीत तो सगळ्यांना दाखवलासुद्धा. आमचंच चुकलं. तो कागद एनसीचा होता, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि पैशासाठी होणारा सासरचा छळ हा तर दखलपात्र गुन्हा. पीडित बाईने किंवा तिच्या नातेवाइकांनी प्रभारी अधिकाऱ्यांना खबर दिली की एफआयआर नोंदवायचा असतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. तेव्हा कागद हातात आला की वरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या, पण तिथेच, ठाण्याच्या बाहेर पडायच्या आधी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हेही कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कोणत्याही ठाण्यात एफआयआर नोंदवण्याची सोय लिहिलेली आहे. मग ते कागद योग्य ठाण्याकडे पाठवतात.

ठाण्यात ऐकलंच नाही तर? तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना, म्हणजे जिल्ह्याच्या एसपींना, टपालाने पाठवायची. रजिस्टर करायची आणि पावती जपायची. गुन्हा दखलपात्र दिसला तर एसपी स्वतः तपास करतात किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला लावतात. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. ठाणं आणि एसपी यांच्या मध्ये उपविभागीय पोलीस अधिकारी असतात, आपल्या तोंडी डीवायएसपी. त्यांच्याकडे काही ठाणी मिळून असतात. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास याच दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा, असा नियम आहे. तिथे फौजदार जबाब घ्यायला आले तर विचारायला लाजू नका. एसपींच्या वर विशेष पोलीस महानिरीक्षक, सगळ्यांत वर राज्याचे पोलीस महासंचालक. मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त असतात. तिथवर जायची पाळी आपल्यावर क्वचितच येते.

आणखी दोन गोष्टी. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. आणि सूर्य मावळल्यावर, उगवायच्या आधी बाईला अटक करत नाहीत. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायला हवी.

तिसऱ्या खेपेला आम्ही सातजणी ताईंबरोबर गेलो. ठाणे अंमलदारांना विचारलं, प्रभारी अधिकाऱ्यांना भेटायचं म्हणालो आणि बाकावर बसून राहिलो. दीड तासाने आत बोलावलं. ताईंनी सगळं सांगितलं, एका महिला शिपायाने ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ताईंनी ती दुरुस्त करायला लावली, मगच सही केली. एफआयआरची प्रत आता गटाच्या पेटीत आहे, बँकेच्या पासबुकाखाली.