उपग्रह मार्गनिर्देशन संदेशांतील रेडिओ अडथळे

कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संदेशांच्या प्रवासकालावरून स्थान व वेळ निश्चित करण्याच्या पद्धतीस उपग्रह मार्गनिर्देशन म्हणतात. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवर असून त्यांचा एक प्रमुख संदेश १,५७५.४२ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर असतो. जमिनीवर त्याची शक्ती एका वॉटच्या सु. एक कोटी अब्जांशाइतकीच उरते. ग्राहीतील ऊष्मीय गोंगाटही याहून मोठा असतो. ज्ञात सांकेतिक क्रमाशी ताडून पाहूनच ग्राही हा संदेश ओळखतो.

या दुर्बलतेमुळे लगतच्या कंप्रतेवरील प्रेषकही बाधक ठरतो. कोणतीही गाळणी शेजारची कंप्रता पूर्णपणे अडवीत नाही आणि प्रबळ संदेशाने ग्राहीतील विवर्धक संपृक्त होतो. उदा., सोलापूरजवळील मोकळ्या माळावर सर्व दिशांना मिळून १० वॉट शक्ती उत्सर्जित करणारा प्रेषक १ किमी. अंतरावर आहे असे मानल्यास, त्याचा संदेश उपग्रहाच्या संदेशाच्या एक कोटीपटीहून अधिक प्रबळ असतो.

अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड कंपनीने १,५२५ ते १,५५९ मेगाहर्ट्‌झ या लगतच्या पट्ट्यात जमिनीवरील मनोरे उभारण्याची योजना आखली होती. २०११ मधील चाचण्यांत अनेक जीपीएस ग्राहींच्या कार्यात बिघाड आढळला व २०१२ मध्ये योजना थांबली. कंपनीचे पुढील रूप असलेल्या लिगाडोला २०२० मध्ये बऱ्याच कमी शक्तीच्या अटीवर परवानगी मिळाली.

भारताच्या नाविक प्रणालीचा २,४९२.०२८ मेगाहर्ट्‌झचा संदेश दोन गजबजलेल्या पट्ट्यांमध्ये येतो : खाली २,४८३.५ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाय-फायसारखी परवानामुक्त साधने, तर २,५०० च्या वर मोबाइल सेवा. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविकमध्ये १,५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या संदेशाचीही भर पडली.

महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग जमीन मोजणीसाठी उपग्रहाधारित रोव्हर वापरतो. काही सेंमी.पर्यंतच्या अचूकतेसाठी वाहक तरंगाची (जीपीएसच्या उपरोक्त संदेशाची तरंगलांबी सु. १९ सेंमी.) कला अखंड मोजावी लागते. अडथळ्याने हा क्रम तुटून त्रुटी ध्यानात न आल्यास शेताच्या बांधाची जागाच चुकू शकते. म्हणून पूर्वनिश्चित बिंदूवर पडताळा घेणे, मोजणी पुन्हा करणे व एकाहून अधिक कंप्रता वापरणे इष्ट ठरते. ग्राही कितीही सुधारला, तरी शेजारच्या पट्ट्यातील शक्तीवर मर्यादा घालणे हाच मूलभूत उपाय होय.