पायी प्रवासातील फोड : उत्पत्ती, निवारण व उपचार

आश्विनातील नवरात्र बसले की छत्तीसगडातील रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांची रांग दिसू लागते. डोंगरगडच्या टेकडीवर बमलेश्वरी देवीचे स्थान आहे. तेथे जाण्यासाठी रायपूर, दुर्ग, राजनांदगाव अशा गावांहून भाविक चालत निघतात. रायपूरपासून हे अंतर सुमारे 100 किलोमीटर भरते आणि शेवटी हजाराहून अधिक पायऱ्या चढावयाच्या असतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातील मराठी वाचकाला हे दृश्य परके नाही, आणि आळंदी-पंढरपूरच्या वाटेची वर्णनेही त्याने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असतात. दोन्ही वाटांवर सेवेसाठी मांडव घातलेले असतात. तेथे चहा-फराळाच्या शेजारीच ऊन पाण्याची घमेली, मलम व पट्ट्या मांडून स्वयंसेवक बसलेले दिसतात. पाय पुढे करणाऱ्यांत म्हातारे असतात तसे धट्टेकट्टे तरुणही असतात. पोटऱ्यांचे दुखणे एका रात्रीच्या झोपेने पुष्कळसे उतरते. परंतु टाचेवर आलेला रुपयाएवढा फोड चांगल्या दमाच्या माणसालाही दुसऱ्या दिवशी लंगडावयास लावतो.

हा फोड येतो कसा, याविषयी सर्वसाधारण समजूत अशी की, जोडा कातडीवर घासतो आणि घासून घासून फोड उठतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. नुसते घासल्याने कातडी खरचटते व सोलली जाते. फोडाचे कारण निराळे आहे आणि ते समजण्यास एक लहानसा प्रयोग पुरेसा आहे. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताच्या बोटाचे टोक घट्ट दाबून धरावे आणि बोट न घसरू देता ते पुढेमागे हलवावे. कातडी बोटाबरोबर सरकते. खालचे हाड मात्र जागच्या जागी राहते. कातडीच्या वरच्या व खालच्या थरांवर अशा वेळी परस्परविरुद्ध दिशांनी ओढ पडते. या ओढीला शास्त्रात कर्तन म्हणतात. चालताना पायाच्या बाबतीत नेमके हेच घडते. पायमोजा व जोडा कातडीला धरून ठेवतात आणि आतील हाड प्रत्येक पावलागणिक पुढेमागे सरकते.

हे किती वेळा घडते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मध्यम उंचीच्या माणसाचे पाऊल सुमारे 75 सेंटिमीटर पडते असे धरले, तर 30 किलोमीटरच्या मजलीत 40,000 पावले होतात, म्हणजे एकेका पायाच्या वाट्याला 20,000. तितक्या वेळा टाचेच्या त्याच बोटभर जागेवर ओढ पडते.

आपली बाह्यत्वचा एकावर एक रचलेल्या पेशींच्या थरांची बनलेली असते. सर्वांत वरचा थर मृत व शिंगासारख्या कठीण पेशींचा असतो, तर सर्वांत खालच्या थरात नव्या पेशी निपजतात. या दोहोंच्या मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी दिसणाऱ्या पेशींचा थर असतो. वारंवार पडणाऱ्या ओढीने या मधल्या थरातील पेशी फाटतात व तेथे पोकळी निर्माण होते. त्या पोकळीत रक्तद्रवासारखा, परंतु त्याहून कमी प्रथिने असलेला द्रव भरतो. तोच फोड होय. 1966 साली अमेरिकेतील सुल्झबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या कातडीवर मुद्दाम घर्षण करून या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. असा फोड धरण्यास वरचा थर जाड आणि खालच्या भागाशी घट्ट जखडलेला असावा लागतो. तळपाय, टाच व तळहात येथे तो तसा असतो. इतरत्र कातडी पातळ असल्याने ती फोड येण्यापूर्वीच सोलवटते. नांगर किंवा कुदळ धरणाऱ्या नवख्या माणसाच्या तळहाताला फोड येतात, मनगटाला येत नाहीत, याचे कारण हेच.

आता घामाचा विचार करू. कोरड्या काचेवरून कोरडे बोट सहज सरकते. बोट किंचित ओलसर केले तर ते अडखळते, आणि पाण्याने पुरते भिजवले तर पुन्हा घसरू लागते. नेलर या ब्रिटिश संशोधकाने 1955 साली त्वचेच्या घर्षणाची मोजमापे करून हीच गोष्ट दाखवून दिली. अगदी कोरड्या किंवा अगदी ओल्या त्वचेपेक्षा दमट त्वचेचे घर्षण अधिक असते. बंद जोड्यात घामेजलेला पाय नेमका या वाईट मधल्या अवस्थेत असतो. ज्येष्ठ-आषाढातील पावसात वारकऱ्याची वहाण भिजते, मग उन्हाची तिरीप येते, कातडे अर्धवट वाळते. ती वेळही अशीच. भर पावसात चालताना त्रास न झालेला माणूस पाऊस उघडल्यावर कुरकुरू लागला, तर त्याला नाजूक म्हणू नये.

फोड टाळण्याचे सर्व उपाय यातून निघतात : दाब कमी करणे, ओढ कमी करणे, दमटपणा कमी करणे आणि कातडीला सवय लावणे. यांतील शेवटचा उपाय सर्वांत जुना आणि आमच्या मते सर्वांत श्रेष्ठ असून नेमका त्याचाच आळस केला जातो. सौम्य घर्षण पुनःपुन्हा होत राहिले तर कातडीचा वरचा थर हळूहळू जाड व चिवट बनतो. शेतावर रोज हिंडणाऱ्याच्या पायाला जे सहन होते, ते कचेरीत बसणाऱ्याच्या पायाला होत नाही, याचे मर्म यात आहे. सुट्टीत पायी भ्रमंती करावयाची असेल, तर निदान पाच-सहा आठवडे आधी चालण्यास आरंभ करावा, अंतर बेताबेताने वाढवावे आणि जे जोडे प्रवासात घालावयाचे तेच या सरावात घालावे. नवी कोरी कोल्हापुरी चप्पल पायात चढवून यात्रेला निघणे म्हणजे दुखणे विकत घेणे आहे. नवी वहाण चावते असे आपण म्हणतो. तिला माणसाळवण्याचे काम घरी करावे, वाटेवर करू नये.

जोडे संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय किंचित सुजून मोठा होतो आणि लांब मजलीतही तसेच होते. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी, पण टाच मात्र खालीवर सरकू नये. घाटाचा चढ लागला की टाच जोड्याच्या मागील कडेवर घासते. आळंदीहून निघालेली पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढते. मजलही लांब आणि चढही मोठा, तेव्हा त्या दिवशी टाचांची विशेष काळजी घ्यावी. उतारावर उलट प्रकार होतो. पाय पुढे सरकतो व बोटे जोड्याच्या तोंडावर आदळतात. अशा वेळी बंद जरा आवळून बांधावेत. चपलेच्या बाबतीत अंगठा आणि पट्टा या दोन जागा सांभाळाव्या लागतात. पाठीवरचे ओझे हलके असावे, कारण ओझ्याबरोबर दाब वाढतो आणि दाबाबरोबर घर्षण.

पायमोज्यांविषयी आपल्याकडे एक दृढ समज आहे की, सुती तेवढे चांगले. सूत घाम शोषते हे खरे, परंतु शोषलेले पाणी ते धरून ठेवते आणि ओलसर, चुरगळलेला मोजा कातडीला चिकटून राहतो. 1990 साली हेरिंग व रिची यांनी धावपटूंवर केलेल्या चाचणीत सुती मोज्यांपेक्षा ॲक्रिलिक धाग्याच्या जाड मोज्यांत फोड कमी आले. लोकरीचा मोजाही लांब चालीला सुतीपेक्षा बरा. काही जण आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घालतात. ओढीचे काम मग कातडीऐवजी दोन मोज्यांच्या मधल्या फटीत होते. मोज्यांचा एक जादा जोड जवळ ठेवून दुपारच्या विसाव्यात तो बदलणे आणि पाय उघडे ठेवून वाळू देणे, हा खर्च नसलेला उपाय आहे.

तेल, तूप वा व्हॅसलीन पायाला चोळून निघण्याची पद्धत जुनी आहे. तिचा गुण प्रारंभी येतो. चिकट पदार्थ लावताच घर्षण उतरते. परंतु मोजमाप केल्यावर असे आढळले की, काही वेळाने ते पूर्ववत होते आणि तीनएक तासांनी मूळच्यापेक्षाही वाढते. तेव्हा चोळणाऱ्याने विसाव्याच्या प्रत्येक ठिकाणी पाय पुसून पुन्हा चोळावयाची तयारी ठेवावी, नाही तर चोळू नये. सुगंधी भुकटीचीही फारशी भिस्त धरू नये. घामाने तिचे खडे बनतात व तेच टोचू लागतात.

घाम थांबवणारे औषध लावले तर? हा प्रश्न 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी सैनिकी विद्यालयाच्या छात्रांवर तपासला गेला. ॲल्युमिनियम क्लोराइडचे 20 टक्के द्रावण निदान तीन रात्री लावून 21 किलोमीटर चाललेल्यांपैकी 21 टक्क्यांना फोड आले. औषधाविना नुसते द्रावण लावलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण त्याच अभ्यासात औषध लावणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांची कातडी चुरचुरली, तर दुसऱ्या गटात 6 टक्क्यांचीच. एक त्रास टाळण्यासाठी दुसरा पत्करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चिकटपट्टीची गोष्ट अधिक आशादायक आहे, आणि ती शास्त्रीय कामाच्या रीतीचा मासला म्हणूनही सांगण्याजोगी आहे. दवाखान्यात जखमेवर लावतात ती कागदी पट्टी लांब पल्ल्याच्या धावपटूंना लावून पाहिली गेली. 2014 सालच्या पहिल्या चाचणीत तिचा उपयोग सिद्ध झाला नाही. संशोधकांनी रीत सुधारून पुन्हा चाचणी घेतली. 250 किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने धावण्याच्या शर्यतींत 128 धावपटूंच्या एका पायावर काही जागी पट्टी लावली व त्याच पायाच्या बाकीच्या जागा तशाच ठेवल्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत पट्टीमुळे फोडांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आळंदी ते पंढरपूर हे अंतरही 250 किलोमीटरच्या जवळपासच आहे. पट्टी स्वस्त असते आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. ज्या जागी पूर्वी फोड येत आले असतील, तेथे सकाळी कोरड्या पायावर ती सुरकुती न पडू देता लावावी.

फोड येण्यापूर्वी पाय सूचना देतो. एखादी जागा ऊन लागते, लाल होते, चुरचुरते. या क्षणी थांबणे हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. दिंडीची रांग पुढे जाईल, सोबती हसतील, म्हणून माणूस तसाच रेटीत चालतो आणि पुढच्या कोसात फोड धरतो. पाच मिनिटे बसावे, खडा झटकावा, मोजा सारखा करावा, पट्टी लावावी.

इतके करूनही फोड आलाच तर त्याचे छत, म्हणजे वरची कातडी, काढू नये. जखमेला तिच्यापेक्षा चांगले आच्छादन नाही. लहान व न दुखणारा फोड न फोडता त्यावर मऊ पट्टी ठेवावी. तो मोठा, तट्ट फुगलेला असून चालणे अशक्य झाले असेल, तर साबणाने हात व पाय धुवावेत, आणि निर्जंतुक, सीलबंद सुईने फोडाच्या कडेला बारीक छिद्र करून पाणी हलकेच दाबून काढावे. वरची कातडी खाली बसू द्यावी आणि स्वच्छ पट्टी बांधावी. 1968 सालच्या एका प्रायोगिक अभ्यासात पहिल्या 24 तासांत तीनदा पाणी काढलेल्या फोडांचे छत खालच्या भागाला उत्तम चिकटले, असे आढळले. सुईने दोरा ओवून तो फोडातच ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तिने पाणी झिरपते खरे, पण त्याच दोऱ्यावरून जंतूही आत शिरतात. माती, शेण, चुना असे काहीही जखमेवर लावू नये. त्यात धनुर्वाताचा धोका आहे.

फोड क्षुल्लक वाटतो, म्हणून हे इतके बजावून सांगितले. 1924 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा पायमोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले, विष रक्तात पसरले आणि 7 जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चार वर्षांनी लागला. आज औषधे आहेत, पण ती वेळेवर घेतली तरच उपयोगी पडतात. फोडाभोवतीची लाली पसरत गेली, पू दिसला, पायावर लाल रेघ वर चढू लागली, जांघेत अवधाण आले किंवा ताप भरला, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेही माणसाने तर फोड स्वतः फोडूच नये. त्याच्या पायाची संवेदना मंदावलेली असू शकते व जखम झालेली त्याला कळतही नाही. त्याने दर मुक्कामाला तळपाय आरशात पाहावेत, अथवा सोबत्याकडून पाहून घ्यावेत.

अनवाणी चालणाऱ्यांच्या फोडांविषयी येथे वेगळे सांगितले पाहिजे. उन्हाने तापलेल्या डांबरी रस्त्यावर तळपायाला येणारे फोड पुष्कळदा घर्षणाचे नसून भाजल्याचे असतात. मोजे-पट्टीची वरील चर्चा त्यांना लागू पडत नाही. अनवाणी जाण्याचे व्रत असेल तर पहाटे व सायंकाळी चालावे आणि दुपार सावलीत काढावी. भाजलेल्या पायावर थंड, स्वच्छ, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे.

नीट राखलेला घर्षणाचा फोड भरून येण्याचा वेळही आता पुष्कळसा ठाऊक झाला आहे. सुमारे 6 तासांनी तळाच्या पेशी कामाला लागतात, 24 तासांनी त्यांचे विभाजन जोरात चालू असते, 48 तासांनी वरच्या बाजूस नवा कणमय थर दिसू लागतो आणि 120 तासांनी, म्हणजे पाच दिवसांनी, कठीण वरचा थर पुन्हा तयार झालेला असतो. दिवेघाट चढताना टाचेवर आलेल्या फोडावर पुन्हा दाब पडू दिला नाही, तर पालखी लोणंदच्या आसपास पोहोचते तोवर तेथे नवी कातडी धरलेली असते.