गिरण्या बंद, हवा स्वच्छ?

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून उत्तरेला चार-पाच किलोमीटर गेले, की लालबाग-परळचे गिरणगाव लागते. तेथील चिमण्यांतून निघणारा धूर बॉयलरचा असे. सुताला कांजी लावायला, कापड रंगवायला वाफ लागते. तिच्यासाठी कोळसा किंवा फर्नेस तेल जाळले, की इंधनातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या वस्त्यांची पाहणी केली. हा वायू जास्त असलेल्या वस्त्यांत खोकला आणि धाप यांच्या तक्रारी अधिक आढळल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कित्येकांना ते काम पुन्हा मिळालेच नाही. पुढच्या वर्षांत शहरातला सल्फर डायऑक्साइड उतरत गेला. मग बेकारी वाढली की हवा सुधारते, असे म्हणायचे का?

श्रीमंत देशांतही हा प्रश्न तपासला गेला आहे. अमेरिकेत युटा राज्यातला एक पोलाद कारखाना कामगार-तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ पासून तेरा महिने बंद होता. आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. कारखाना चालू असताना शाळेत जाण्याच्या वयाआधीची मुले ब्राँकायटिस व दम्यासाठी सुमारे दुप्पट प्रमाणात दाखल होत होती. इतका स्वच्छ प्रयोग ठरवून करता आला नसता.

पण या प्रयोगातून धुराचा परिणाम कळतो, बेकारीचा नव्हे. विद्यार्थ्यांना फळ्यावर एवढेच मांडून दाखवावे: एकूण प्रदूषण म्हणजे उत्पादन गुणिले दर नगामागचा धूर. मंदी किंवा टाळेबंदी पहिला आकडा घटवते. इंधन बदलले, धुराडे सुधारले, तर दुसरा घटतो. गुणाकार दोन्ही रीतींनी उतरतो, पण पगार बुडतात ते पहिल्या रीतीत. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतरच्या तीन दशकांत सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, आणि त्याच काळात तिथले उत्पादन वाढले. (ही रीतही फुकट नाही. जास्त गंधकाच्या कोळशाच्या खाणींना तिची झळ लागलीच.)

मुंबईत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. गिरण्या थंडावत होत्या, आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात नैसर्गिक वायू येत होता. उद्योगांतही कमी गंधकाचे इंधन वाढत होते. त्यामुळे हवा सुधारल्याचे सगळे श्रेय टाळ्यांना देणे मला पटत नाही. लालबागेत तर धूर आणि पगार एकाच चाळीत येत. खात्यात काम करणाऱ्याच्या छातीत शिवाय कापसाची धूळ जाई आणि तिने बिसिनोसिस हा आजार होई. काम सुटले तेव्हा ती धूळही सुटली, पण औषधाचे पैसेही सुटले.

पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने व २००१ मधल्या तिच्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहण्याची वाट मोकळी झाली. त्यांच्याबरोबर मोटारी आल्या, बांधकामाची धूळ आली. आज तिथे सल्फर डायऑक्साइड कमी भरतो. काळजी आहे ती सूक्ष्म धूलिकणांची.