स्थलांतरित श्रमिकांतील कृमिरोगाचे निदान

दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसराकडे निघतात. पाऊस उघडल्यावर वीटभट्ट्यांचे कामही सुरू होते. शहरांतील बांधकामांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा या राज्यांतून आलेले मजूर तर वर्षभर राबत असतात. यांपैकी काहींच्या शरीरात कृमीही त्यांच्यासमवेत प्रवास करीत असतात. त्यांवरील औषधे स्वस्त आहेत व शासकीय दवाखान्यांतून मिळतात. खरी अडचण निदानाची आहे, कारण तपासणाऱ्याच्या सोयीच्या वेळी कृमी सापडतोच असे नाही.

हत्तीरोगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. क्युलेक्स जातीच्या डासामार्फत पसरणाऱ्या या रोगाच्या सूक्ष्म अळ्या, म्हणजे मायक्रोफायलेरिया, टिमथी लुईस यांनी १८७२ साली कलकत्ता येथे मानवी रक्तात पाहिल्या. या अळ्या दिवसा मुख्यतः फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात व रात्री, विशेषतः दहा ते दोनच्या दरम्यान, त्वचेलगतच्या रक्तात उतरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी वस्तीवर रात्री येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. दिवसा घेतलेली काचपट्टी निर्दोष निघाली, तरी तिच्यावर विसंबता येत नाही. रात्रपाळीचा पहारेकरी मात्र याला अपवाद ठरू शकतो. माणसाच्या झोपेची वेळ उलटली की काही दिवसांत या अळ्यांची वेळही उलटते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले आहे. तेव्हा ‘कोठून आलात?’ या प्रश्नाइतकाच ‘झोपता केव्हा?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. प्रौढ कृमीचे अंश ओळखणारी पट्टी-चाचणी आता उपलब्ध असून ती कोणत्याही वेळी करता येते. फिरत्या कामगारांसाठी ती विशेष सोयीची आहे.

पाय सुजलेला तोच रोगी, ही समजूतही चुकीची आहे. सूज जुनी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अळ्या बहुधा आढळत नाहीत. उलट वरून धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्या रक्तात त्या विपुल असू शकतात. हा रोग परप्रांतीयांनीच आणला, असे गावोगावी ऐकू येते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या आपल्याच जिल्ह्यांत तो फार पूर्वीपासून आहे, आणि त्याचे डास आपल्याच तुंबलेल्या गटारांत वाढतात.

अंकुशकृमीची गोष्ट वेगळी. त्याची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते, पुढे आतड्यात राहून रक्त शोषते. फडातील स्त्री थकते, पांढरी पडते. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि बऱ्याचदा विषय तेथेच संपतो. शौचाची तपासणी केली तरी अळी शिरल्यापासून अंडी दिसू लागण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात. काटो-कॅट्झ पद्धतीने तयार केलेली काचपट्टी तासाभराच्या आत पाहिली नाही, तर अंकुशकृमीची अंडी विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. उसाच्या फडापासून दूरच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी पोहोचलेली अशी पट्टी ‘निरंक’ ठरली, तर त्याचा दोष रुग्णाकडे नव्हे, रस्त्याकडे जातो.

सर्वांत चिवट कृमी स्ट्राँगिलॉइडिस हा होय. तो शरीरातच आपली पुढची पिढी वाढवतो, त्यामुळे नवा संसर्ग न होताही दशकानुदशके टिकतो. १९४२-४३ साली ब्रह्मदेशातील रेल्वेमार्गावर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांपैकी काहींच्या शरीरात, ते मायदेशी परतल्यावर तीस वर्षांहून अधिक काळानंतरही तो सापडला. त्याच्या अळ्या शौचात थोड्या व अनियमित येतात. एका तपासणीत त्या वारंवार निसटतात. नमुने निरनिराळ्या दिवशी घ्यावे लागतात किंवा रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. दमा वा संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू झाल्यास सुप्त संसर्ग बळावून प्राणावर बेतू शकतो. डॉक्टरांनी जुन्या स्थलांतराची चौकशी करावयाची ती यासाठी.

शिक्षकांकडे एक काम स्वाभाविकपणे येते. राष्ट्रीय जंतनाशक दिन सामान्यतः १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट रोजी पाळला जातो, आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. फेब्रुवारीत ऊसतोड कामगारांची मुले पटावर गावी असतात व प्रत्यक्षात कारखान्याच्या तळावर. तळाजवळच्या शाळेने व अंगणवाडीने त्यांना आपल्या यादीत घेतले, तरच गोळी त्यांच्यापर्यंत पोहोचते.

अहवाल येईपर्यंत टोळी बहुधा पुढच्या फडावर गेलेली असते. नमुना घेतानाच कामगाराच्या मूळ गावाबरोबर मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक व टोळीचा पुढील मुक्काम नोंदवून घ्यावा. तपासणीची तारीख, निष्कर्ष व दिलेले औषध लिहिलेली चिठ्ठी कामगाराच्या हाती द्यावी. ग्रामपंचायतीला या कामी फारसा खर्च नाही. रात्रीच्या तपासणीची वेळ वस्तीत आधी कळवणे आणि रक्त घेणाऱ्या पथकासोबत एखादा ओळखीचा सदस्य पाठवणे, एवढे तिच्याकडून व्हावयास हवे.