कॉफीच्या पेल्याची परीक्षा
बोगोता येथील जागतिक स्पर्धा आणि कोलंबियाचा शेतकरी

कॉफी हे महाराष्ट्राचे पीक नव्हे. मेळघाटात चिखलदऱ्याच्या पठारावर इंग्रजी अमदानीपासून कॉफीची थोडीशी लागवड आहे. त्यापलीकडे आपल्या शेतकऱ्याचा या झाडाशी फारसा परिचय नाही. तथापि मालाची प्रत कोठे तयार होते, ती कोण पारखतो आणि तिचा मोबदला पिकविणाऱ्याच्या हाती कितपत पडतो, हा प्रश्न कॉफीचा जितका आहे तितकाच द्राक्षाचा, हळदीचा व गुळाचाही आहे. म्हणूनच दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोता शहरी, जून २०११ मध्ये भरलेल्या जागतिक बरिस्ता स्पर्धेची हकीकत ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी समजावून घेण्याजोगी आहे.

बरिस्ता म्हणजे उपाहारगृहात यंत्रावर कॉफी तयार करून देणारा कारागीर. अशा कारागिरांची जागतिक स्पर्धा इ. स. २००० मध्ये मॉन्टे कार्लो येथे प्रथम भरली. पुढील दहा वर्षे ती ऑस्लो, बोस्टन, टोकियो, कोपनहेगन, लंडन अशा कॉफी पिणाऱ्या शहरांतून फिरत राहिली आणि अजिंक्यपदही बहुधा नॉर्वे, डेन्मार्क, ब्रिटन, आयर्लंड यांसारख्या थंड मुलखांकडेच गेले. कॉफी पिकविणाऱ्या देशात ही स्पर्धा भरण्याचा योग बोगोत्यात पहिल्यांदाच आला. तेथील कॉफी उत्पादक महासंघ ही शेतकऱ्यांची संस्था असून तिची स्थापना १९२७ मधील आहे. तिच्या सभासदांपैकी बहुसंख्य पाच हेक्टरांहून कमी जमीन असलेले डोंगराळ भागातील लहान शेतकरी आहेत.

अशा व्यापारी प्रदर्शनाचे स्वरूप आपल्याकडील कृषिप्रदर्शनाहून फार निराळे नसते. एका बाजूस भाजण्याची व दळण्याची यंत्रे, दुसरीकडे व्यापाऱ्यांची दालने, आणि मधोमध लांब टेबलांवर ओळीने मांडलेले पेले असतात. या पेल्यांतून चमच्याने घोट घेऊन, तो मोठा आवाज करीत जिभेवर पसरवून ग्राहक नमुने पारखतात. परंतु गर्दी लोटते ती स्पर्धेच्या रंगमंचाभोवती.

स्पर्धेचे नियम कडक असतात. प्रत्येक स्पर्धकास पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात चव पारखणाऱ्या चार परीक्षकांना प्रत्येकी तीन पेये द्यावयाची: एक निव्वळ एस्प्रेसो, एक दुधाची कॉफी, आणि एक स्वतःच्या कल्पनेने बनविलेले, परंतु मद्य नसलेले खास पेय. एकूण बारा पेले झाले. बोगोत्याच्या वेळी याशिवाय दोन तांत्रिक परीक्षक स्पर्धकाच्या हाताकडे पाहत असत. भुकटी किती सांडली, फडके स्वच्छ आहे काय, यंत्राची तोटी दर खेपेस धुतली काय, या सर्वांचे गुण असत. वेळ संपल्यावर लागणाऱ्या प्रत्येक सेकंदाबद्दल गुण कापले जातात. बोगोत्यात पन्नासांहून अधिक देशांचे विजेते या कसोटीस उतरले होते.

हा सारा खटाटोप म्हणजे शहरी लोकांची चैन आहे असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण एस्प्रेसोची कृती पाहिली म्हणजे या परीक्षेची धार लक्षात येते. बारीक दळलेल्या कॉफीतून वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने तप्त पाणी वीस ते तीस सेकंद सोडतात आणि जेमतेम तीस मिलिलिटर अर्क घेतात. इतक्या दाट अर्कात काहीही लपत नाही. आपल्याकडील फिल्टरच्या कॉफीत दूध व साखर पुष्कळ दोष पोटात घालतात. एस्प्रेसो मात्र ते उघडे पाडतो. आणि या दोषांपैकी बरेचसे कारागिराच्या हातचे नसून मळ्यातून आलेले असतात.

मळ्यातील दोष पेल्यात कसे उतरतात

कोलंबिया विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे कॉफीला वर्षातून अनेकदा फुलोरा येतो. एकाच फांदीवर फूल, हिरवे फळ व लाल फळ एकत्र असते. साहजिकच मजुराला त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते आणि उभ्या उतारावर पाय रोवून फक्त लाल फळे वेचावी लागतात. घाईने हिरवी फळे ओरबाडली तर त्यांतील बी भाजल्यावरही फिकट राहते आणि अर्काला तुरट, शेंगदाण्याच्या टरफलासारखी चव येते. फळ झाडावर अती पिकले तर उलट आंबूस वास धरते.

खुडलेल्या फळांची साल त्याच दिवशी यंत्राने काढावी लागते. मग बियांवरील चिकट बुळबुळीत थर सुटावा म्हणून त्या टाकीत साधारणपणे बारा ते अठरा तास आंबवून धुतात. रात्री झोप लागली व टाकी तशीच राहिली, तर बियांना शिरक्याचा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. पुढे वाळवण. दाण्यातील ओल दहा ते बारा टक्क्यांवर आली पाहिजे. त्याहून अधिक राहिली तर पोत्यात बुरशी धरते. कोलंबियाच्या पावसाळी डोंगरात ही गोष्ट सोपी नाही. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी घराच्या माळवदावरच कॉफी पसरून वरचे छप्पर रुळांवर मागेपुढे सरकते ठेवण्याची युक्ती योजिली आहे. ढग आले की घरातील कोणीही छप्पर ओढून घेते. ज्यांना हे परवडत नाही ते बांबूच्या कमानींवर प्लॅस्टिक ताणून बोगद्यासारखी वाळवणघरे उभारतात.

एवढे करून पाच किलो पिकल्या फळांपासून सुमारे एक किलो वाळलेली टरफलासकट कॉफी हाती येते. हिला पार्चमेंट कॉफी म्हणतात.

खरेदी केंद्रावरील नमुना

शेतकरी आपली पोती खेचरावर किंवा जीपगाडीतून गावच्या खरेदी केंद्रावर आणतो. महासंघ रोजचा आधारभूत भाव जाहीर करतो. न्यूयॉर्कचा बाजार व डॉलरचा दर यांवर तो ठरतो आणि रोख पैसे देऊन माल घेण्याची हमी असते. भाव कमी असेल, पण माल परत न्यावा लागत नाही, हा लहान शेतकऱ्याला मोठाच आधार होय.

प्रत पाहण्याची रीत साधी असून ती शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. २५० ग्रॅम पार्चमेंट कॉफीचा नमुना घेऊन टरफल काढतात. काळे, आंबट, किडीने पोखरलेले व फुटके दाणे वेचून बाजूस सारतात आणि उरलेले निरोगी दाणे तोलतात. ७० किलो निर्यातयोग्य कॉफीचे एक पोते भरण्यास किती किलो पार्चमेंट लागेल, हा आकडा त्यावरून निघतो. नमुन्यातून १८६ ग्रॅम चांगले दाणे निघाले तर हा आकडा ९४ येतो, आणि हल्ली हाच आधारभूत धरला जातो. चांगले दाणे १८० ग्रॅमच भरले तर तो ९७ च्या वर जातो व भाव उतरतो. आकडा ९४ च्या खाली आला तर भाव चढतो. कोल्हापूरच्या गूळ बाजारात ढेपेचा रंग व कण पाहून भाव ठरतो, तसाच हा प्रकार. मात्र येथे नजरेच्या जागी तराजू आहे, म्हणून तंट्याला वाव कमी.

परंतु या तराजूला चव कळत नाही. दाणे निरोगी असूनही पेला बेचव असू शकतो, आणि बोगोत्याच्या रंगमंचावर जी किंमत केली जात होती ती नेमकी चवीची. चवीला किती भाव मिळू शकतो याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. पनामातील एका मळ्याची गेशा जातीची कॉफी २००४ च्या लिलावात पौंडाला २१ डॉलर या भावाने गेली. त्या वेळी सामान्य कॉफी एका डॉलरच्या आसपास विकली जात होती. असे भाग्य फार थोड्या मळ्यांच्या वाट्यास येते, हेही सांगितले पाहिजे. लहान शेतकऱ्याचा माल बहुधा इतरांच्या मालात मिसळला जातो आणि त्याची चव कशी होती हे त्याला स्वतःलाही कळत नाही. कित्येक मळ्यांत चांगला माल विकून घरी पिण्यास फुटके दाणे ठेवण्याची चाल आहे.

निकाल

बोगोत्याचा निकाल म्हणूनच बोलका ठरला. अजिंक्यपद मिळविले ते एल साल्वादोरच्या अलेहांद्रो मेंदेस याने. कॉफी पिकविणाऱ्या देशाचा स्पर्धक प्रथमच पहिला आला. त्याने आपल्याच देशातील कॉफी वापरली होती आणि खास पेयात कॉफीचे फूल व फळाची वाळलेली साल यांचाही उपयोग केला होता. ही साल म्हणजे मळ्यातील टाकाऊ पदार्थ. तिचा ढीग ओढ्यात लोटला तर पाणी नासते, आणि कुजवून शेतात घातली तर उत्तम खत होते. जगभरच्या व्यापाऱ्यांसमोर तीच पेल्यातून मांडली गेली. दुसऱ्या क्रमांकावरील अमेरिकेच्या पीट लिकाटाने हवाई बेटांतील कॉफी आणली होती. तिची फळे त्याने स्वतः खुडून त्यांवर प्रक्रियाही स्वतःच केली होती. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, मेलबर्न येथे तोही अजिंक्य झाला.

तांबेरा आणि चव

या उत्सवाच्या वेळी यजमान देशाचे मळे मात्र आजारी होते. २००८ पासून अतिवृष्टीबरोबर पानांवरील तांबेरा रोग कोलंबियात पसरला. वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख पोती पिकविणाऱ्या या देशाचे उत्पादन २००९ मध्ये ८० लाखांच्या खाली घसरले आणि २०११ मध्येही तेवढेच राहिले. (एक पोते ६० किलोंचे.) न्यूयॉर्कच्या बाजारात भाव मे २०११ मध्ये पौंडाला तीन डॉलरवर गेला होता, पण ज्याच्या झाडाला पानेच उरली नव्हती त्याला त्या भावाचा काय उपयोग?

महासंघाच्या सेनिकाफे या संशोधन केंद्राने तांबेऱ्यास दाद न देणारी कास्तियो ही जात २००५ मध्येच दिली होती. विस्तार कार्यकर्ते ती लावण्यास सांगत होते. अडचण उत्तम चवीचा माल घेणाऱ्या ग्राहकांची होती. त्यांच्यापैकी अनेकांना जुनी कातुरा जात चवीला सरस वाटे आणि ते तिचीच मागणी करीत. कातुरा ठेवावी तर तांबेरा खातो, कास्तियो लावावी तर गिऱ्हाईक नाक मुरडते, आणि कॉफीचे झाड काही हंगामी पीक नव्हे. एकदा लावले की पुढील बऱ्याच वर्षांचा निर्णय होऊन बसतो. आपल्या देशातही कर्नाटकातील बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राची एस. ७९५ ही जुनी जात चवीसाठी नावाजलेली आहे. कास्तियोप्रमाणेच कातुरा व तिमोरचा संकर या कुळातील कावेरी जातीचा तांबेऱ्याविरुद्धचा जोर येथे कालांतराने ओसरल्याचाही अनुभव आहे.

कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतात पुढे या दोन जातींची चव शेजारी शेजारी पारखली गेली. कातुरा व कास्तियो त्याच मळ्यांतून घेतल्या आणि कोणत्या पेल्यात कोणती जात आहे हे चाखणाऱ्यांना सांगितले नाही. दोहोंना मिळालेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तोवर बहुतेक शेतकऱ्यांनी वाट न पाहता झाडे बदलली होती, आणि २०१५ मध्ये कोलंबियाचे उत्पादन १ कोटी ४० लाख पोत्यांवर गेले.